काठी पॅडवर पडली, संगणकाला कसे कळले?

चैत्र लागला की पारनेर तालुक्यात जत्रांची रांग लागते. निघोजला मळगंगा देवीची यात्रा भरते आणि तिच्या पुढेमागे गावोगावचे भैरवनाथ, हनुमान, खंडोबा येतात. तालुक्याच्या शेजारी, जुन्नरमधल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावचे पुढारी तिथे जाऊन सुपारी ठरवतात. दिवसा मिरवणुकीला बेंजो पार्टी आणि रात्री तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा, असा या हंगामाचा रिवाज. ढोलकी, हलगी, तुणतुणे अजून आहेतच; पण त्यांच्या शेजारी आता की-बोर्ड आणि ऑक्टापॅड असतो, आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी एक लॅपटॉपही.

घोटाळा सहसा या लॅपटॉपपाशी होतो. घरी तालीम केली तेव्हा सगळे नीट वाजत होते. जत्रेत केबल लावली, वाद्याचा दिवा लागला, पण पॅडवर काठी मारली तर आवाज नाही. किंवा आवाज येतो, पण किंचित उशिरा, आणि तेवढ्याने ठेका लंगडतो. कधी एखादा स्वर अडकतो आणि भोंग्यासारखा वाजत राहतो. महिना-दीड महिन्याच्या हंगामावर ज्याचे वर्षाचे गणित बसते, त्याला एक बिघडलेला कार्यक्रम महागात पडतो. पुढच्या वर्षीची सुपारीही जाते.

वाद्य आणि संगणक यांच्यातल्या बोलण्याला ‘मिडी’ म्हणतात. पारनेरमध्ये हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला आधी सुप्याची एमआयडीसी आठवण्याची शक्यता जास्त. त्या एमआयडीसीशी याचा संबंध नाही. वाद्यांनी एकमेकांशी आणि संगणकाशी बोलण्यासाठी ठरवलेली ही एक भाषा आहे. ती चाळीस वर्षांहून जुनी आहे, आणि आजही जवळपास जशीच्या तशी वापरात आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. जाते ती फक्त बातमी. की-बोर्डवर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली, तर केबलमधून तीन आकडे जातात. पहिला सांगतो, ‘स्वर सुरू झाला, अमुक क्रमांकाच्या चॅनलवर’. दुसरा सांगतो कोणता स्वर: मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, पांढरी चार म्हणजे ६५. तिसरा सांगतो किती जोरात दाबली, १ ते १२७ यांमधला एक आकडा. बोट उचलले की ‘स्वर संपला’ अशी दुसरी बातमी जाते. ती वाटेत हरवली, तर ऐकणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने बोट अजून पट्टीवरच असते. भोंगा वाजत राहतो तो त्यामुळे. म्हणूनच बहुतेक संगीत सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनिक’ नावाचे बटण असते. ते सगळ्या चॅनलना एकदम ‘सगळे स्वर बंद’ असा निरोप देते. हे बटण कुठे आहे ते कार्यक्रमाच्या आधी शोधून ठेवलेले बरे.

बातमी मिळाल्यावर प्रत्यक्ष आवाज कोणता काढायचा, हे ऐकणारे यंत्र ठरवते. ऑक्टापॅडच्या बाबतीत तर हे फारच स्पष्ट आहे. ‘ऑक्टापॅड’ हे मुळात जपानच्या रोलँड कंपनीचे व्यापारी नाव. १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड होते, आणि कोणत्या पॅडवर किती जोरात काठी पडली, एवढे सांगणारी मिडीची तार. आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. पोटात शेकडो आवाज असलेले ऑक्टापॅड नंतर आले, आणि महाराष्ट्रातल्या बँडवाल्यांनी ते इतके आपलेसे केले की कोणत्याही कंपनीच्या असल्या वाद्याला आता ऑक्टापॅडच म्हणतात.

रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांची कहाणी आरोग्याच्या सदरात शोभावी अशी आहे. लहानपणीच आई-वडील क्षयाने गेले. तरुणपणी घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकेहाशींनाही क्षय झाला, आणि काही वर्षे आरोग्यधामात काढावी लागली. त्या काळात नव्या असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत त्यांना औषध मिळाले आणि ते बरे झाले. १९७२ मध्ये त्यांनी रोलँड सुरू केली. १९८०च्या सुमारास प्रत्येक कंपनीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य आपल्याच भाषेत बोलत होते. काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन एक सामाईक भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे की-बोर्ड एका तारेने जोडले गेले, आणि एक वाजवला तर दुसराही वाजला. त्याबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. ही भाषा त्यांनी पेटंटात अडकवली नाही, म्हणून ती सगळीकडे पसरली.

त्या काळच्या स्वस्त चिप्सना झेपावा असा मिडीचा वेग ठरवला गेला: सेकंदाला ३१,२५० बिट. आजच्या मोबाइलच्या मानाने हा बैलगाडीचा वेग. एक आकडा जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तीन आकड्यांच्या एका बातमीला एक मिलिसेकंदापेक्षा किंचित कमी. ठेक्यासाठी एवढे पुरते. गोल, पाच पिनांच्या त्या जुन्या जोडणीत आणखी एक शहाणपण होते. बातमी घेणाऱ्या वाद्यात तार थेट जोडलेली नसते. तिथे एक छोटा दिवा लुकलुकतो आणि त्याच्यासमोरचा प्रकाशसंवेदक ती लुकलुक वाचतो. दोन वाद्यांमध्ये विजेचा संबंधच येत नाही.

जत्रेत जनरेटरवर काम करणाऱ्याला याचे मोल कळावे. की-बोर्ड, मिक्सर आणि लॅपटॉप यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज मिळाली आणि अर्थिंग धड नसले, की स्पीकरमधून ‘हूं’ असा गुणगुणाट सुरू होतो. पाच पिनांच्या मिडी केबलने हा गुणगुणाट सहसा येत नाही. यूएसबी केबलने येऊ शकतो, कारण तिथे विजेची तार दोन्हीकडे जोडलेली असते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर दोष वाद्याचा नाही, या जोडणीचा आहे.

आजच्या बहुतेक वाद्यांत मात्र यूएसबीच असते. यूएसबीवरून मिडी कसे न्यायचे याचा नियम १९९९ मध्ये ठरला. हा नियम पाळणारे वाद्य कोणत्याही आधुनिक संगणकाला लावले की वेगळे सॉफ्टवेअर न टाकता ओळखले जाते. सगळी वाद्ये तो पाळत नाहीत. काही कंपन्यांनी आपले स्वतःचे ‘ड्रायव्हर’, म्हणजे दुभाषे, दिले. यात फायदाही होता, पण कंपनीने त्या जुन्या मॉडेलचा दुभाषा नव्या विंडोजसाठी बनवणे थांबवले, की धडधाकट वाद्य संगणकापुरते मुके होते. रोलँडच्या काही वाद्यांत याची सोय केलेली असते. सेटिंगमध्ये यूएसबी ड्रायव्हर ‘व्हेंडर’ ठेवायचा की ‘जेनेरिक’ ते निवडता येते. मोबाइलला किंवा लिनक्सला जोडायचे असेल, तर जेनेरिक करून वाद्य बंद-चालू करायचे. कित्येक वेळा एवढ्यानेच अडलेले काम मार्गी लागते.

यूएसबीचा आणखी एक स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे वाद्याला स्वतःहून बोलता येत नाही. संगणक यजमान, तो सतत विचारत राहतो, ‘काही बातमी?’ आणि वाद्य उत्तर देते. म्हणून ऑक्टापॅडची चौकोनी यूएसबी थेट की-बोर्डच्या चौकोनी यूएसबीला जोडून काहीही होत नाही. दोघेही पाहुणे, यजमान कोणीच नाही. तिथे पाच पिनांची जुनी केबलच हवी, किंवा मध्ये संगणक. मोबाइलला यजमान करायचे तर ओटीजी जोड लागतो. आणि मोबाइलच्या डब्यातली किंवा हातगाडीवरची केबल कधी कधी फक्त चार्जिंगची असते, बातमी नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. वाद्याचा दिवा लागतो पण संगणकाला काही दिसत नाही, अशा वेळी आधी केबल बदलून पाहावी.

केबलमधून बातमी संगणकात शिरली, की पुढचे सगळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात. इथे मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

विंडोजची मिडीची जुनी व्यवस्था १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची आहे, आणि असंख्य सॉफ्टवेअर अजून तिच्यावरच चालतात. ती तलाठी कार्यालयाच्या खिडकीसारखी आहे. खिडकीशी एक माणूस उभा राहिला, की तो हटेपर्यंत दुसऱ्याला जागा नाही. एका सॉफ्टवेअरने की-बोर्डचे दार उघडले, की दुसऱ्याला सहसा ‘यंत्र वापरात आहे’ असा निरोप मिळतो. काही कंपन्यांचे दुभाषे एकाच वेळी अनेकांना आत घेतात, पण विंडोजचा स्वतःचा जुना दुभाषा घेत नाही. तालमीत ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडे राहिले आणि कार्यक्रमात वाजवण्याचे दुसरे सुरू केले, की पॅड गप्प. ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले एखादे संगीत शिकवणारे पानही ही खिडकी अडवून बसू शकते. क्रोम ब्राउझरला २०१५ पासून मिडी कळते.

दुसरी खोड अशी, की त्याच वाद्याची केबल लॅपटॉपच्या वेगळ्या भोकात घातली, तर विंडोज त्याला कित्येकदा नवेच यंत्र समजते, आणि सॉफ्टवेअरमधली जुनी निवड वाया जाते. भोकावर रंगीत टिकली चिकटवून ठेवणारे वादक असतात, ते उगाच नाही. आणि बरीच सॉफ्टवेअर सुरू होताना एकदाच दारे मोजतात. म्हणून आधी वाद्य चालू करायचे, मग सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी मिडीची नवी व्यवस्था तयार केली आहे. तिच्यात एकच वाद्य अनेक सॉफ्टवेअरना एकदम वापरता येते. पण तालुक्याच्या गावी सेकंडहँड लॅपटॉपवर चालणाऱ्या स्टुडिओत ती पोहोचायला वेळ लागणार हे उघड आहे.

ॲपलच्या मॅकमध्ये ही अडचण दोन दशकांहून अधिक काळ नाही. तिथे ‘कोअर मिडी’ नावाची व्यवस्था सिस्टिमच्या पोटातच आहे. वाद्यांची बातमी आधी या मध्यस्थाकडे येते आणि तो ती मागेल त्याला देतो, एकाला दिली म्हणून दुसऱ्याची अडत नाही. दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणारी काल्पनिक केबलही मॅकमध्ये मोफत मिळते. जुन्या विंडोजमध्ये त्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर टाकावे लागते. २०१० पासून हीच व्यवस्था आयफोन-आयपॅडमध्ये आहे. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात मॅक दिसतो तो केवळ दिमाखासाठी नव्हे. किंमत मात्र अशी, की बेंजो पार्टीने त्यात नवा साउंड सिस्टिमचा संच घ्यावा.

लिनक्स फुकट आहे, आणि मिडीच्या बाबतीत चांगलेच हुशार. तिथली ‘अल्सा’ नावाची व्यवस्था जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखी काम करते. प्रत्येक वाद्याला आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला एक क्रमांक मिळतो, आणि कोणाची वायर कोणाला जोडायची ते वापरणारा ठरवतो. ऑक्टापॅडची बातमी एकाच वेळी तीन ठिकाणी द्यायची असेल, तर तीन वायरी जोडल्या की झाले. अडचण उलटी आहे. कोणी वायर जोडली नाही, तर सगळे ठीक असूनही काहीच वाजत नाही, आणि नवख्याला वाटते की वाद्य ओळखलेच गेले नाही. बाजारातली बरीच महाग सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत, हीही अडचण आहेच.

अँड्रॉइडमध्ये मिडी २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून आले. गावातल्या तरुणाच्या खिशात आज हाच संगणक आहे, म्हणून तो महत्त्वाचा. शिकायला, सराव करायला, चाल सुचली की टिपून ठेवायला अँड्रॉइड उत्तम. मंचावर वाजवायला मात्र जपून, कारण तिथे प्रश्न येतो उशिराचा.

काठी पडल्यापासून आवाज कानी येईपर्यंतचा वेळ हा मिडीतला सर्वांत गैरसमजाचा विषय. दोष सहसा मिडीला दिला जातो; पण बातमी पोहोचायला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदच लागतात. वेळ जातो तो संगणकाने आवाज तयार करून बाहेर पाठवण्यात. संगणक आवाजाचे नमुने एकेक न पाठवता घमेल्याने पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना २५६ नमुन्यांचे घमेले भरायला सुमारे सहा मिलिसेकंद लागतात, १,०२४ नमुन्यांचे भरायला तेवीस. घमेले लहान केले तर उशीर कमी, पण संगणक दमला की आवाज कडकडतो. विंडोजवर नेहमीच्या मार्गात उशीर जास्त होतो, म्हणून स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ‘एसिओ’ नावाचा आडरस्ता काढला. संगीत सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो निवडला, की लंगडणारा ठेका पुष्कळदा सरळ होतो.

किती उशीर चालतो? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज दहा मिलिसेकंद उशिरा येतो, आणि ढोलकीवाला ते सहज सांभाळून घेतो. वीस-तीस मिलिसेकंदांना मात्र हाताला जड वाटू लागते. शंभरच्या पुढे मेंदू आणि हात यांचे जुळेनासे होते. बोलताना स्वतःचाच आवाज सुमारे दोनशे मिलिसेकंद उशिरा कानी पडला, तर धडधाकट माणूसही अडखळू लागतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच नोंदवले होते. मेंदू प्रत्येक हालचालीचा परिणाम कानांनी तपासत असतो. तपासणीचे उत्तर उशिरा आले, की तो हालचाल थांबवतो किंवा पुन्हा करतो. ब्लूटूथ स्पीकरमध्ये शंभर ते दोनशे मिलिसेकंदांचा उशीर नेहमीचाच. ऑक्टापॅडचा सराव ब्लूटूथ स्पीकरवर करणारा मुलगा बेताला होऊ लागला, तर आधी त्याला वायरचा हेडफोन द्यावा.

आपल्या संगीताची अडचण याहून खोल आहे. मिडीची मूळ कल्पना पियानोची आहे: पट्टी दाबली, पट्टी सोडली. दोन पट्ट्यांच्या मधले काय? मींड घ्यायची तर ‘पिच बेंड’ नावाची वेगळी बातमी आहे. तिला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकाईला कमतरता नाही. पण ती एका चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवते. खाली षड्ज धरून वर मींड घ्यायला गेले, तर षड्जही सरकतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल देऊन यावर तोड काढणारा नियम २०१८ मध्ये मान्य झाला, आणि २०२० मध्ये आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वरागणिक वाकवण्याची सोय मुळातच आहे. ती जुन्या वाद्यांत उतरणार नाही. ढोलकीचेही तसेच. धुमाच्या तोंडावर डावा तळवा दाबून काढलेला घुमारा एका आकड्यात मावत नाही. पॅडला फक्त ‘किती जोरात’ एवढेच कळते.

आणि कोणत्या क्रमांकाला कोणता आवाज, हा घोळ आहेच. १९९१ मध्ये ठरलेल्या नियमानुसार दहावा चॅनल तालवाद्यांचा, त्यात ३६ म्हणजे बास ड्रम आणि ३८ म्हणजे स्नेअर. ढोलकी, हलगी, संबळ यांना मात्र कोणताही सर्वमान्य क्रमांक नाही. प्रत्येक कंपनीने आपापल्या ‘इंडियन टोन’ना वाटेल तिथे बसवले. म्हणून एका कंपनीच्या की-बोर्डवर बांधलेले देवीचे गाणे दुसऱ्या कंपनीच्या की-बोर्डवर लावले, की संबळाच्या जागी झांज वाजते. सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक बदलण्याचा तक्ता असतो. एकदा बसून तो भरला, की तो जपून ठेवायचा.

जपण्यासारखी दुसरी गोष्ट ऑक्टापॅडच्या पोटात असते: वर्षानुवर्षे वादकाने जुळवलेले स्वतःचे संच. कोणत्या पॅडला ढोलकीचे कोणते तोंड, किती उंच, किती घुमारा, हे सगळे त्याच्या हातांनी ठरलेले. पॅड पावसात भिजला किंवा टेम्पोतून पडला, तर ते सगळे जाते. बऱ्याच जुन्या वाद्यांत, अगदी ज्यांना यूएसबीच नाही अशांतही, हे संच मिडीच्या केबलवरून संगणकात उतरवून घेता येतात. वाद्याच्या माहितीपुस्तकात ‘बल्क डंप’ नावाने ही सोय दिलेली असते. संगणकावर अशी लांब बातमी टिपणारे एखादे फुकट सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळते. अतिस्वस्त यूएसबी-मिडी केबल इथेच दगा देते. छोट्या बातम्या नेते, लांब बातमी अर्धवट तोडते. म्हणून उतरवलेला संच लगेच दुसऱ्या नावाने पुन्हा उतरवायचा, आणि दोन्ही फायलींचा आकार सारखा आला का ते बघायचे. सेकंदाला तीन हजारांच्या आसपास आकडे, या जुन्या बैलगाडीच्या वेगाने वीस हजार आकड्यांचा संच यायला सात सेकंदही लागत नाहीत. तेवढा वेळ केबलला हात लावायचा नाही.